टोकियोला कामानिमित्त जाताना हॉटेलची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कंपनीतील सहकाऱ्यांचे जपान दौरे आखण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि त्यांतले काही दौरे मी स्वतःही केले आहेत. पुढील प्रश्न टोकियोला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेले आहेत. उत्तरे देताना चार-पाच रात्रींचा आणि दिवसाला दोन-तीन भेटी असलेला दौरा डोळ्यांसमोर ठेवला आहे. सहलीला जाणाऱ्याचे गणित वेगळे असते.

हॉटेल शोधण्याची सुरुवात कोठून करावी?

रेल्वेच्या आराखड्यापासून करावी. टोकियोत अंतर किलोमीटरमध्ये मोजून काही उपयोग होत नाही. गाडी किती वेळा बदलावी लागते आणि स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत किती चालावे लागते, यावर सकाळचा सगळा हिशेब ठरतो. टोकियो मेट्रोच्या नऊ आणि महानगर शासनाच्या तोएईच्या चार, अशा तेरा भुयारी मार्गिका या शहरात आहेत, शिवाय जेआर (जपान रेल्वे) आणि अनेक खासगी रेल्वे कंपन्यांच्या गाड्या वेगळ्याच. एका कंपनीची गाडी सोडून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसले की भाडेही बहुधा नव्याने लागते, पण ती रक्कम किरकोळ असते. खरा खर्च होतो तो पायांचा आणि वेळेचा. ओतेमाची स्टेशनात पाच भुयारी मार्गिका एकत्र येतात. आराखड्यावर तो एकच ठिपका दिसतो, प्रत्यक्षात मात्र एका फलाटावरून दुसऱ्यावर पोचायला दहा मिनिटे सहज लागू शकतात. शिंजुकू हे जगातील सर्वाधिक वर्दळीचे स्टेशन असून त्याला दोनशेहून अधिक दरवाजे आहेत, आणि चुकीच्या दरवाजाने बाहेर पडलेल्या माणसाला समोर दिसणाऱ्या इमारतीकडे जाण्यासाठी पुन्हा खाली उतरावे लागते.

म्हणून यजमान कंपनीकडे भेटीची वेळ पक्की करतानाच ‘आपल्या कार्यालयाला सर्वांत जवळचा दरवाजा कोणता’ हे विचारून घ्यावे. जपानी कार्यालयातून याचे उत्तर ‘ए५’ इतक्या नेमकेपणाने येते. मग त्या स्टेशनातून जाणारी मार्गिका पाहावी आणि त्याच मार्गिकेवर, गाडी न बदलता पोचता येईल असे हॉटेल शोधावे. माझा हा पहिला निकष आहे. तारे, नाश्ता, खिडकीतून दिसणारा टॉवर हे सगळे त्यानंतर.

हॉटेलच्या माहितीत ‘स्टेशनापासून तीन मिनिटे’ असे लिहिलेले असते, ते खोटे नसते, पण त्याचा अर्थ समजून घ्यावा लागतो. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी ८० मीटर म्हणजे एक मिनिट असा नियम आहे आणि हॉटेलवालेही सर्वसाधारणपणे त्याच मापाने बोलतात. हे अंतर सर्वांत जवळच्या दरवाजापासून मोजलेले असते आणि त्यात सिग्नलला थांबण्याचा वेळ धरलेला नसतो. शिवाय त्या दरवाजाला लिफ्ट असेलच असे नाही. तेवीस किलोची बॅग घेऊन साठ पायऱ्या चढल्यावर त्या तीन मिनिटांची खरी किंमत कळते.

एकदा थोडे पैसे वाचावेत म्हणून मी दोनदा गाडी बदलावी लागणारे हॉटेल निवडले होते. कागदावर एकूण ३५ मिनिटे होती. पहिल्याच बदलाच्या वेळी आम्ही तिघे फलाटाच्या भलत्या टोकाला उतरलो, समोरून येणाऱ्या गर्दीच्या लोंढ्यात एकमेकांपासून सुटलो आणि भेटीला चार मिनिटे उशिरा पोचलो. यजमान काही बोलले नाहीत. पण ते खाली लॉबीत उभे होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचे वरिष्ठही उभे होते, हे मी अजून विसरलेलो नाही.

मग कोणता भाग सोयीचा?

भेटी कोठे आहेत यावर ते अवलंबून आहे, पण काही ढोबळ गोष्टी सांगता येतात. बँका, व्यापारी घराणी आणि मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मारुनोउची, ओतेमाची आणि निहोन्बाशी या पट्ट्यात एकवटलेली आहेत. तेथील हॉटेले महाग, म्हणून एक-दोन स्टेशने सरकून कांदा किंवा शिंबाशी येथे राहणे शहाणपणाचे ठरते. (कांदा हे स्टेशनाचे नाव मराठी माणसाला पाठ करावे लागत नाही.) कांदा येथून जेआरच्या यामानोते मार्गाने टोकियो स्टेशन अवघ्या एका थांब्यावर आहे आणि आजूबाजूला साध्या, स्वच्छ ‘बिझनेस हॉटेलां’ची दाटी आहे. माहिती-तंत्रज्ञानातील कंपन्यांशी काम असेल तर शिबुया, आणि मोठमोठ्या उंच इमारतींतील कार्यालयांशी असेल तर पश्चिम शिंजुकू, हे भाग सोयीचे.

शिनागावाकडे आपले लोक फारसे लक्ष देत नाहीत, ते द्यावे. हानेदा विमानतळावरून केइक्यू मार्गाने तेथे साधारण पाव तासात पोचता येते, आणि नागोया-ओसाकाकडे जाणाऱ्या तोकाइदो शिनकानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) सगळ्या गाड्या तेथे थांबतात. टोकियोत दोन दिवस आणि नंतर नागोयाच्या वाहन-उद्योगात दोन दिवस, असा चाकण-भोसरीच्या सुटे भाग बनवणाऱ्यांचा नेहमीचा कार्यक्रम असेल, तर शिनागावाहून चांगला मुक्काम नाही. एक गंमत ध्यानात ठेवावी : शिनागावा स्टेशन हे शिनागावा प्रभागात नसून मिनातो प्रभागात आहे. त्यामुळे संकेतस्थळावर प्रभागाच्या नावाने शोधल्यास स्टेशनालगतची हॉटेले यादीत येत नाहीत.

उएनो आणि आसाकुसा येथे खोल्या स्वस्त मिळतात. नारिताहून येणाऱ्याला उएनो सोयीचेही पडते. मात्र उएनोच्या शेजारचे उगुइसुदानी हे स्टेशन टाळावे, कारण त्याच्याभोवती तासांच्या हिशेबाने खोल्या देणारी हॉटेले बरीच आहेत आणि त्यांतील काही संकेतस्थळांवर नेहमीच्या हॉटेलांसारखीच दिसतात. शिंजुकूच्या पूर्वेकडील काबुकिचो हा रात्रजीवनाचा भाग आहे. तेथे राहून काही बिघडत नाही, पण रात्रीचा गलबला फार असतो, आणि मुक्कामाचा पत्ता यजमानांना कळवावा लागतो हेही लक्षात असू द्यावे.

भारतीय वस्ती असलेल्या निशी-कासाईमध्ये राहावे का?

एदोगावा प्रभागातील निशी-कासाई येथे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, वाणसामानाची दुकाने आहेत, डोसा आणि पराठा मिळतो. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले होते. महिना-दोन महिन्यांच्या कामासाठी जाणाऱ्याने या भागाचा जरूर विचार करावा. चार रात्रींसाठी मात्र मी तो सुचवत नाही. तेथून ओतेमाचीला जाणारी तोझाई मार्गिका सकाळच्या गर्दीबद्दल टोकियोत प्रसिद्ध आहे. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला तिची भीती वाटणार नाही, पण इस्त्रीचा कोट घालून त्या गर्दीतून रोज जाण्यात काही अर्थ नाही. एका संध्याकाळी जेवायला तेथे जावे आणि परत यावे.

विमान नारिताला उतरते की हानेदाला, याने फरक पडतो का?

बराच पडतो. हानेदा शहराच्या दक्षिण टोकाला, मध्यवर्ती भागापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे, तर नारिता शेजारच्या चिबा प्रांतात साठेक किलोमीटर दूर आहे. हानेदाहून मोनोरेल वीस मिनिटांच्या आत हामामात्सुचोला सोडते. नारिताहून ‘नारिता एक्स्प्रेस’ तासाभरात टोकियो स्टेशनला आणि पुढे शिनागावा, शिबुया, शिंजुकूकडे जाते. ‘स्कायलायनर’ चाळीसेक मिनिटांत निप्पोरी आणि उएनोला पोचवते. नारिताहून टॅक्सीचा विचारही करू नये, तिचे भाडे वीस हजार येनांच्या पुढे जाते. सामान जास्त असेल तर दोन्ही विमानतळांवरून मोठ्या हॉटेलांच्या दारापर्यंत जाणाऱ्या ‘लिमोझिन बस’ आहेत. नाव थाटाचे असले तरी ती साधी आरामबस असते, आणि बॅगा चढवण्या-उतरवण्याचे काम कर्मचारीच करतात. त्या बसच्या थांब्यांच्या यादीत असलेल्या हॉटेलाशेजारचे एखादे स्वस्त हॉटेल निवडणे ही माझी आवडती युक्ती आहे.

रात्री उशिरा उतरणार असल्यास आणखी एक खबरदारी घ्यावी. टोकियोच्या रेल्वेगाड्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात थांबतात आणि पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास सुरू होतात. अशा वेळी पहिली रात्र विमानतळावरच्या किंवा त्याच्या लगतच्या हॉटेलात काढणे स्वस्त पडते. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत टॅक्सीला २० टक्के जादा आकार लागतो तो निराळाच.

खोल्या खरोखरच इतक्या लहान असतात का?

होय. बिझनेस हॉटेलातील एकट्याची खोली साधारण ११ ते १३ चौरस मीटरची असते. आपल्या मापात सांगायचे तर दहा फूट बाय तेरा फूट, आणि न्हाणीघर, संडास व दारातली चपला काढण्याची जागा हे सगळे त्यातच. पलंग आणि टेबल यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन चालेल एवढीच वाट असते. मोठी बॅग जमिनीवर पूर्ण उघडता येत नाही. ती पलंगावर उघडायची, लागेल ते काढायचे, बंद करून पलंगाखाली सरकवायची. पलंगाखाली त्यासाठीच मोकळी जागा ठेवलेली असते, हे पहिल्या रात्री कोणाच्या लक्षात येत नाही.

एवढ्या जागेत सोयी मात्र ठासून भरलेल्या असतात. एकाच साच्यात घडवलेले न्हाणीघर हे तंत्र १९६४ च्या ऑलिंपिकच्या वेळी न्यू ओतानी हॉटेलच्या हजारावर खोल्या झटपट उभ्या करण्यासाठी तोतो कंपनीने विकसित केले, आणि आज ते जवळजवळ प्रत्येक खोलीत आहे. कमोडला पाण्याचा फवारा बहुतेक सर्वत्र असतो. युरोपच्या दौऱ्यांवर कानकोंडे होणाऱ्या आपल्या माणसांचा मोठा प्रश्न त्यामुळे सुटतो. रात्रीचे कपडे, सपाता, दात घासण्याचा ब्रश, चहाची किटली हे सारे मिळते. इस्त्री मागून आणावी लागते. विजेचा दाब १०० व्होल्ट असून पिना दोन चपट्या लागतात, त्यामुळे आपली तीन गोल पिनांची वायर तेथे निरुपयोगी ठरते. दोन पिनांचा अडॅप्टर येथूनच न्यावा.

‘सेमी-डबल’ खोलीत दोन सहकारी राहू शकतील का?

राहू नये. सेमी-डबल पलंगाची रुंदी साधारण १२० ते १४० सेंटिमीटर असते. दोघांना स्वतंत्र पलंग हवे असतील तर ‘ट्विन’ असे नीट पाहून घ्यावे. जपानमध्ये भाडे पुष्कळदा माणशी मोजले जाते, म्हणून शोधताना माणसांची संख्या अचूक भरावी; एकाच्या नावाने खोली घेऊन ऐन वेळी दुसरा उभा राहिला तर फ्रंटवर, म्हणजे हॉटेलच्या स्वागतकक्षात, अवघड प्रसंग येतो.

धूम्रपानाच्या खोलीचा इतका बाऊ कशाला?

कारण बंदिस्त जागांतील धूम्रपानावर एप्रिल २०२० पासून देशभर निर्बंध आले असले तरी हॉटेलच्या राहण्याच्या खोल्यांना त्यातून सूट आहे. ऐन हंगामात शेवटी उरलेली आणि म्हणून स्वस्त दिसणारी खोली नेमकी धूम्रपानाची असते. पडद्यांत आणि गालिच्यात मुरलेला वास कोटाला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी तो कोट घालूनच बैठकीला जायचे असते. ‘किन-एन’ म्हणजे धूम्रपान निषिद्ध आणि ‘कित्सु-एन’ म्हणजे धूम्रपानाची खोली, हे दोन शब्द पाठ करावेत. ‘वास काढून देण्यात येईल’ अशा अर्थाची टीप असलेली खोली म्हणजे फवारा मारलेली धूम्रपानाचीच खोली.

शाकाहारी माणसाने हॉटेलचा नाश्ता घ्यावा का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचा रस्सा आहे, आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनितो माशापासून करतात. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचे पाणी, इतकेच काय पण अंड्याचे धिरडे, या सगळ्यांत तो असू शकतो. ‘यात मांस नाही ना’ असे विचारले की ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर मिळते, कारण मासा हा मांसात मोजत नाहीत. दॉर्मी इन या हॉटेल-साखळीत रात्री पाहुण्यांना नूडल्सची वाटी मोफत देतात. थंडीतून परत आल्यावर ती दिसते फार आकर्षक, पण काटेकोर शाकाहारी व्यक्तीसाठी ती नाही.

नाश्त्याच्या मेजावर शाकाहारी माणसाला खात्रीने चालणाऱ्या गोष्टी म्हणजे पांढरा भात, पाव, फळे, दही, कोशिंबिरीची पाने, आणि आवडलेच तर नात्तो. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. तार सुटणारा हा पदार्थ आपल्यापैकी दहांतील एखाद्यालाच रुचतो. नात्तोसोबतच्या पुडीतल्या सॉसमध्येही माशाचा अर्क असू शकतो, म्हणून ती पुडी बाजूला ठेवून मीठ घालावे. अंडे खाणाऱ्याचे काम सोपे. एवढ्यासाठी नाश्त्याचे जादा पैसे भरावेत का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी भरत नाही. मेतकूट, लोणचे आणि गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा यांची पाकिटे बॅगेत असली, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून गरम करण्याच्या भाताचा डबा आणला, की किटली आणि मायक्रोवेव्हवर सकाळ निभते. मायक्रोवेव्ह खोलीत नसला तरी मजल्यावर किंवा तळमजल्यावर बहुधा असतो. खोलीत शेगडी किंवा कुकर लावण्यास मनाई असते, आणि फोडणीच्या धुराने आगीचा भोंगा वाजला तर सगळे हॉटेल खाली उतरते. ताजी फळे आणि भाज्या तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा कढीपत्त्याचा डहाळा घरीच राहू द्यावा.

दररोज भारतीय शाकाहारी जेवण हवे असेल, तर उएनोच्या शेजारचा ओकाचिमाची हा भाग पाहावा. तो दागिने आणि रत्नांच्या घाऊक व्यापाराचा भाग आहे. तेथे भारतीय रत्नव्यापारी पिढ्यान्पिढ्या ये-जा करत आले आहेत, आणि त्यांच्यामुळे शाकाहारी उपाहारगृहेही आली. यामानोते मार्गावरचेच स्टेशन असल्यामुळे कांदा येथून ते दोनच थांबे आहे.

भाडे किती पडते आणि कोणत्या तारखा टाळाव्यात?

करोनापूर्वी आठ-दहा हजार येनांत सहज मिळणारी साधी खोली आता पुष्कळ तारखांना त्या भावात मिळत नाही. येन घसरल्यामुळे जपान पर्यटकांना स्वस्त झाला. २०२४ या एका वर्षात ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे तेथे गेले, आणि त्यांतील पुष्कळांना टोकियोत राहायचे होते. एप्रिल-अखेर ते ५ मे हा सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यातील पूर्वजांच्या स्मरणाचा ओबोन सण आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या काळात कार्यालयेच बंद असल्याने दौरा आखू नये. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला कार्यालये चालू असतात, पण चेरीच्या बहरामुळे खोल्या मिळत नाहीत. फेब्रुवारीत विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांसाठी बाहेरगावचे विद्यार्थी येऊन बिझनेस हॉटेले भरतात, हे मात्र येथून कोणाच्या ध्यानात येत नाही. आठवड्याचा विचार केला तर शनिवारची रात्र सर्वांत महाग आणि रविवारची सर्वांत स्वस्त. म्हणून सोमवारच्या भेटीसाठी शनिवारी पोचण्याऐवजी रविवारी पोचावे.

भाड्यावर १० टक्के उपभोग कर असतो आणि तो दाखवलेल्या किमतीत बहुधा धरलेला असतो. त्याखेरीज टोकियो महानगराचा मुक्काम-कर आहे. २००२ साली तो लागू झाला तेव्हा माणशी रात्रीच्या भाड्यावर १०,००० येनांपासून १५,००० च्या आतपर्यंत १०० येन आणि त्यापुढे २०० येन अशी रचना होती. निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. तो पुष्कळदा हॉटेलात वेगळा भरावा लागतो. बक्षिशी कोठेही द्यायची नसते.

खर्चाच्या परताव्यासाठी पावती कशी घ्यावी?

‘र्योशूशो’ हा शब्द वापरावा; म्हणजे रीतसर पावती. फ्रंटवर ती कोणाच्या नावाने हवी असे विचारतात, तेव्हा कंपनीचे नाव इंग्रजीत लिहिलेले व्हिजिटिंग कार्ड पुढे करावे. पैसे आगाऊ एखाद्या संकेतस्थळाला दिले असतील तर हॉटेल पावती देत नाही, ती त्या संकेतस्थळाकडूनच घ्यावी लागते. आमच्या एका सहकाऱ्याने हे न कळून शेवटच्या सकाळी फ्रंटवर वीस मिनिटे घातली, कर्मचारी सतरा वेळा वाकून माफी मागत राहिला, आणि पावती काही मिळाली नाही. तेव्हापासून आम्ही शक्यतो हॉटेलातच पैसे भरण्याचा पर्याय निवडतो. बऱ्याच ठिकाणी आता पैसे यंत्रात, तेही खोलीची किल्ली देण्यापूर्वीच, भरावे लागतात. यंत्राने दिलेला कागद लेखा विभागाला चालतो का, हे आधी विचारून ठेवावे.

व्हिसा मिळण्यापूर्वी खोली राखून ठेवावी का?

ठेवावी, पण रद्द करता येईल अशीच. व्यावसायिक व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाचे दिवसवार वेळापत्रक जोडावे लागते आणि त्यात प्रत्येक रात्रीचा पत्ता लिहावा लागतो. यजमान कंपनीच्या आमंत्रण-कागदांतील तारखा आणि हॉटेलच्या तारखा तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

विमान सकाळी पोचते आणि खोली दुपारी तीनला मिळते. मधल्या वेळेचे काय?

दुपारी ३ म्हणजे ३, हा नियम टोकियोत सहसा वाकत नाही. विनंती करून, हसून, थकलेला चेहरा दाखवून काही साधत नाही. बॅगा मात्र हॉटेल विनामूल्य सांभाळते आणि अनेक ठिकाणी त्या आपल्या आधीच खोलीत नेऊन ठेवलेल्या असतात. त्याच दिवशी भेट असेल तर नारिता आणि हानेदा येथील पैसे देऊन वापरता येणाऱ्या न्हाणीघरांत तयार होऊन निघावे. आदल्या रात्रीपासून खोली घेणे हा दुसरा मार्ग, पण तेव्हा ‘आपण सकाळी सातला येणार आहोत’ असे हॉटेलला लेखी कळवावे, नाही तर रात्री न आलेला पाहुणा समजून खोली रद्द होऊ शकते.

प्रदर्शनासाठी जायचे असल्यास?

टोकियोतील मोठी व्यापारी प्रदर्शने आरिआके येथील ‘टोकियो बिग साइट’मध्ये किंवा चिबा शहरातील ‘माकुहारी मेस्से’मध्ये भरतात. नाव टोकियोचे असले तरी माकुहारी बरेच दूर आहे, तेव्हा आमंत्रणपत्रिकेवर स्थळ नीट वाचावे. माकुहारीसाठी टोकियो स्टेशनातून केइयो मार्गाची गाडी पकडायची असते, आणि त्या गाडीचे फलाट मुख्य स्टेशनापासून इतके लांब आहेत की सरकत्या पट्ट्यांवरून दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे लागते. हातात नमुन्यांची पेटी असेल तर हे चालणे संपता संपत नाही. तिन्ही दिवस स्टॉलवर उभे राहायचे असेल तर सरळ काइहिन-माकुहारी स्टेशनालगत राहावे. बिग साइटसाठी रिंकाई किंवा युरिकामोमे मार्गावरचे हॉटेल चांगले. शिंबाशी हे युरिकामोमेचे सुरुवातीचे स्टेशन असल्यामुळे तेथून बसायला जागा मिळते.

पुढे नागोया किंवा ओसाकाला जायचे आहे. सगळे सामान बरोबर वागवावे का?

वागवू नये. ‘ताक्क्युबिन’ ही घरपोच सामान-सेवा यामातो कंपनीने १९७६ मध्ये सुरू केली. तोंडात पिल्लू धरलेली काळी मांजर ही तिची खूण. हॉटेलच्या फ्रंटवर चिठ्ठी भरून बॅग दिली की ती साधारणपणे दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. मधल्या रात्रीपुरती लहान पिशवी जवळ ठेवावी. बॅग बरोबर नेलीच, तर लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी तोकाइदो शिनकानसेनवर मे २०२० पासून विशेष आसन राखून ठेवावे लागते.

हॉटेलच्या खोलीत बैठक घेता येईल का?

नाही. बिझनेस हॉटेलांत बाहेरच्या माणसाला राहण्याच्या मजल्यावर येऊ देत नाहीत, आणि जपानी पाहुणाही येणार नाही. लॉबीतला कॉफीचा कोपरा किंवा तासावर मिळणारी बैठकीची खोली वापरावी. भारताशी बोलण्याचा विचार करताना साडेतीन तासांचा फरक ध्यानात घ्यावा : पुण्याचे कार्यालय संध्याकाळी ६ वाजता ‘जरा दहा मिनिटे बोलू या’ म्हणते तेव्हा टोकियोत रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलेले असते. भिंती पातळ असतात.

भूकंपाची काळजी निवडीच्या वेळी करावी का?

इमारत जून १९८१ नंतर मंजूर झालेली आहे का, एवढे पाहावे. त्या वर्षी भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक झाले. खोलीत पलंगाजवळ भिंतीला विजेरी अडकवलेली असते आणि दाराच्या आतल्या बाजूला बाहेर पडण्याचा नकाशा असतो. पहिल्या रात्री तो एकदा बोट फिरवून वाचावा. लहान धक्के बसतातच; जपानी माणसे चहाचा पेला धरून ठेवतात आणि बोलणे पुढे चालू ठेवतात.

एकट्या महिलेने काही वेगळे पाहावे का?

अनेक बिझनेस हॉटेलांत केवळ महिलांसाठी राखलेला मजला असतो आणि तेथे किल्लीशिवाय लिफ्ट थांबत नाही. फ्रंट रात्रभर माणसांचा आहे की यंत्राचा, हे मात्र पाहून घ्यावे. आमच्या महिला सहकाऱ्यांच्या मते स्टेशनापासूनचा रस्ता उजेडाचा असणे मजल्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

कॅप्सूल हॉटेल किंवा घरगुती मुक्काम चालेल का?

कॅप्सूल म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरता कप्पा. त्यात कोट टांगायला जागा नसते आणि आतून कुलूप नसते. गाडी चुकली तर एका रात्रीपुरते ठीक. २०१८ च्या कायद्याखाली नोंदणी झालेली घरे भाड्याने मिळतात, पण पावती, किल्ली आणि कचऱ्याचे वर्गीकरण या तिन्ही गोष्टी स्वतः निस्तराव्या लागतात. दोन आठवड्यांवरचा मुक्काम असेल तर त्यापेक्षा खोलीतच कपडे धुण्याचे यंत्र असलेले तोक्यू स्टेसारखे हॉटेल बरे.

हॉटेल ठरल्यावर आणखी काय करावे?

पासपोर्ट हाताशी ठेवावा, कारण जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत हॉटेल नोंदवहीसाठी घेते. आणि हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत कागदावर छापून घ्यावा. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत. पत्ता हा वस्तीचा भाग, गट आणि इमारत यांच्या आकड्यांनी बनतो, आणि इंग्रजी अक्षरांतला पत्ता वयस्कर टॅक्सीचालकाला फोनवर वाचून दाखवणे हा दोघांचाही छळ असतो. तो कागद त्याच्या हाती द्यावा आणि गाडीच्या मागच्या दाराला हात लावू नये. ते तोच आतून उघडतो आणि आपण उतरल्यावर तोच लावतो.